सण कोणाचे, पूर्वज कोणाचे?

धर्म बदलला म्हणजे सणही बदलतात काय? की सण ही पूर्वजांकडून चालत आलेली मिळकत असून तिचा धर्माशी संबंध नसतो? भिवंडीसारख्या गावात राहणाऱ्या बौद्ध माणसाला हा प्रश्न वर्षातून निदान चार वेळा भेटतो. श्रावण सरता सरता चाळीत गणपतीच्या वर्गणीचे पुस्तक फिरू लागते. आश्विनात कारखान्यातील मागांना झेंडूच्या माळा पडतात. दिवाळीला शेजारणीकडून फराळाचे ताट येते, आणि ते रिकामे परत पाठवायचे नसते. फाल्गुनात पोरे होळीची लाकडे मागत दारात येतात. दर वेळी घरात दोन मते होतात. पुष्कळदा ती सासूची आणि सुनेची असतात, कधी बापाची आणि लेकाची.

मी येथील एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वस्तीतील पोरे असले प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मागील वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझ्या आजीची आजी जे करत होती ते मी केलं, तर मी बौद्ध राहत नाही का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात धर्म आहे, पूर्वज आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये उभी असलेली आजची एक मुलगी आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले असे, की सण ही संस्कृती आहे, धर्म नव्हे. पूर्वज करीत आले ते आपणही करावे, त्यात काही बिघडत नाही. दुसरे असे, की बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर दारात पणती लावणे हाही द्रोह आहे. पहिल्या उत्तरात इतिहास गाळलेला आहे आणि दुसऱ्यात माणसे गाळलेली आहेत. म्हणून दोन्ही बाजूला ठेवून मुळापासून पाहिले पाहिजे.

१. आपले पूर्वज सणात कोठे उभे होते?

'पूर्वज हे सण करीत होते' असे म्हणताना 'करीत होते' या शब्दांचा अर्थ तपासला पाहिजे. गावगाड्यात सण सर्वांचा असे, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असे. महाराला होळीची लाकडे वाहून आणावी लागत. काही गावांत पाटलाची होळी पेटवण्यासाठी महारवाड्यातील विस्तव लागे. विस्तव चाले, तो आणणारा हात मात्र चालत नसे. दसऱ्याला अनेक गावांत देवीपुढे रेडा मारला जाई. त्या रेड्याला गावाभोवती फिरवून आणणे, त्याचे रक्त व मांस यांची विल्हेवाट लावणे ही कामे महार-मांगांकडे असत. पोळ्याला बैल मिरवत ते कुणब्याचे. मेल्यावर तोच बैल ओढून न्यायचा तो महाराने. दिवाळीत मांगीण आणि महारीण घरोघर 'दिवाळी' मागत फिरत. वरून टाकलेला करंजीचा तुकडा पदरात झेलायचा, आणि घर सुखी राहो असा आशीर्वाद द्यायचा.

या सर्वाला 'मान' म्हटले जाई. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्या म्हाताऱ्या माणसांनी अभिमानाने सांगितलेली आहे. पण मान आणि वेठ यांतील सीमा येथे फार पुसट होती. ज्या कामाला नकार देता येत नाही त्याला हक्क म्हणणे कठीण आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले ते या वेठीविरुद्धच. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. सणातील आपली जागा त्या वतनाचाच भाग होती. वतन गेले आणि ती जागाही गेली. ती गेली याचे दुःख कोणाला असेल असे वाटत नाही.

तेव्हा 'पूर्वज दसरा करीत होते' हे विधान अर्धे खरे आहे. पूर्वज दसऱ्यात राबत होते हे पूर्ण सत्य आहे. दोन्ही क्रियापदे वेगळी आहेत.

याचा अर्थ त्यांना स्वतःचे काही नव्हते असा मात्र नव्हे. मरीआई, म्हसोबा, खंडोबा, सटवाई ही दैवते महारवाड्यात होती. बाया जात्यावर गात, बाळंतिणीची पाचवी करीत. त्यांच्या दुःखाला तेथे काही आधार होता. परंतु त्याच देवांना नवस म्हणून आपली मुलगी मुरळी सोडली जाई, मुलगा पोतराज किंवा वाघ्या होई. नवस फेडण्याची किंमत गरिबाच्या पोटच्या पोराने द्यायची, ही रीत केवळ 'लोकसंस्कृती' या गोड शब्दाखाली झाकता येणार नाही.

२. नकाराचा इतिहास

आपण सणांना नकार दिला तो एका दिवसात नव्हे. त्याआधी आत जाण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडा केला. १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. त्यात रामनवमीच्या रथाचा प्रश्न होता हे विसरता कामा नये. रथ ओढण्यात भाग मिळावा एवढी ती मागणी होती. म्हणजे सणात सहभागी होण्याचीच मागणी. तिला उत्तर दगडांनी मिळाले.

त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा झाली. १९३६ च्या मे महिन्याअखेर मुंबईत महार परिषद भरली. तिने धर्मांतराला पाठिंबा दिला आणि हिंदू देवतांची पूजा, हिंदू सण व तीर्थयात्रा सोडून देण्याचा ठराव केला. म्हणजे नवा धर्म कोणता हे ठरण्यापूर्वी वीस वर्षे सणांना नकार देण्याचे ठरले होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. सण सुटले ते बौद्ध धम्मात मनाई आहे म्हणून नव्हे. अपमान पुरे झाला म्हणून सुटले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली तो दिवस दसऱ्याचा होता. बाबासाहेबांनी तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून निवडला. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या तीन देवदेवतांना नाकारतात, त्यात गौरी-गणपतीचे नाव आहे. पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे सांगते. सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारते. आठवी ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून घेण्यास नकार देते. नववी आणि दहावी समतेविषयी आहेत. प्रतिज्ञांच्या यादीत पूजा आहे, विधी आहे, पुरोहित आहे. शेजाऱ्याकडे जेवू नये, दिवा लावू नये, बहिणीला माहेरी आणू नये असे त्यात कोठेही नाही.

माझे आजोबा शहापूर तालुक्यातील. दीक्षेनंतर त्यांच्या वाडीने देव्हाऱ्यातील टाक एका टोपलीत गोळा केले आणि भातसा नदीत सोडले. महाराष्ट्रात त्या वर्षी अशा टोपल्या किती नद्यांना मिळाल्या त्याची मोजदाद नाही. आजी सांगे, टाक सोडले त्या रात्री कोणाला झोप आली नाही. सकाळी कोणी मेले नव्हते. त्या सकाळीच धर्मांतर पुरे झाले असे मला वाटते.

३. पूर्वज कोणते मोजायचे?

पूर्वजांचा आधार घेणाऱ्याला आणखी एक अडचण येते. पूर्वज किती मागे जाऊन मोजायचे? भिवंडी तालुक्यातच लोनाड येथे एक बौद्ध लेणे आहे. आज तेथे खंडेश्वरी देवीची पूजा होते. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ आहे. आमच्या भागातील आगरी-कोळी बांधव तेथे मोठ्या श्रद्धेने जातात. जुन्नरजवळ लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी एक गणपती बसला आहे तो बौद्ध लेण्यांच्या रांगेतील एका गुहेतच. म्हणजे ज्यांना आपण 'पूर्वापार' म्हणतो त्या पूजांच्या खालीही दुसऱ्या लोकांचे पूर्वापार गाडलेले आहे.

सोपारा भिवंडीपासून फार दूर नाही. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात सापडला तो १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी. या नवव्या लेखाचा विषय आपल्या प्रश्नाला लागूनच आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, असे अशोक त्यात नोंदवतो. ती करू नयेत असे तो म्हणत नाही, पण त्यांचे फळ थोडे आहे असे सांगतो. खरे मंगल कोणते? दासांशी व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दानधर्म. सणाची कसोटी नोकराशी होणाऱ्या वागणुकीवर लावणारा हा राजा आपल्याच ठाणे-वसईच्या किनाऱ्यावर हे दगडात कोरवून गेला. मात्र त्याच लेखात बायकांच्या विधींना क्षुद्र म्हटले आहे, तेही नजरेआड करू नये. रूढीचे खापर बाईच्या माथी फोडण्याची सवय फार जुनी आहे.

अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असावेत, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात मांडला. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाला शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले होते. दोघांनीही पूर्वजांचा शोध घेतला तो आजच्या माणसाला ताठ उभे राहता यावे म्हणून. काही मित्र त्याचा उलटा उपयोग करतात. 'दिवाळी मूळची बळीची, दसरा मूळचा अशोकाचा, पंचमी मूळची नागांची. मग सारेच सण आपले' असे म्हणून ते पुन्हा त्याच पाटावर जाऊन बसतात. मूळ शोधणे वेगळे आणि मुळाचे निमित्त करून आजची पूजा चालू ठेवणे वेगळे. बलिप्रतिपदेला बळीची आठवण जरूर काढावी. परंतु त्यासाठी आदल्या दिवशीचे लक्ष्मीपूजन लागत नाही.

माझ्या मते आपण पूर्वजांची यादीच चुकीची करतो. जे मानत आले तेवढेच आपले पूर्वज नव्हेत. जे मानायचे थांबले तेही पूर्वज आहेत. १९५६ ची पिढी आता बहुतेक गेली. भातसा नदीत टोपली सोडणारे माझे आजोबा मला दहा पिढ्यांच्या टाकांपेक्षा जवळचे आहेत. 'पूर्वजांची रीत पाळा' असे कोणी म्हणाले, तर नकाराची ही रीतही आपल्याला पूर्वजांनीच दिली आहे असे त्याला सांगितले पाहिजे. ती तर त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेली आहे.

४. भिवंडीचा शेजार

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. २०११ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली. येथे कोकणी मुसलमान जुने रहिवासी. उत्तरेतील विणकर १८५७ नंतर येऊ लागले. त्यांना 'जुलाहा' म्हणून हिणवले जाई. त्यांनी ते नाव टाकले, मोमीन आणि अन्सारी ही नावे घेतली, आणि पैगंबरांना मदिनेत आसरा देणाऱ्या अन्सारांशी आपले नाते सांगितले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. ते मार्कंडेय ऋषीला आपला मूळपुरुष मानतात. नवरात्रात त्यांच्या बाया फुलांचे थर रचून बतुकम्मा मांडतात आणि तिच्याभोवती फेर धरतात. म्हणजे माग चालवणाऱ्या प्रत्येक समाजाने आपल्या श्रमाला प्रतिष्ठा देणारा पूर्वज निवडला आहे. हे केवळ बौद्धांनी केले असे नाही. पूर्वज जेवढा रक्ताने मिळतो तेवढाच तो निवडलाही जातो.

धर्म बदलूनही चालीरीती ठेवणारे लोक जवळच आहेत. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नापूर्वी विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी होतो. कोकणातील बेने इस्राएल समाज शनिवारी काम बंद ठेवी म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. ते मराठी बोलतात, एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. ही उदाहरणे देऊन मला विचारतात, 'त्यांनी ठेवले, मग आपण का ठेवू नये?' उत्तर असे की, उंबराचे पाणी आणणाऱ्या बाईला त्या विधीत कोणी उंबऱ्याबाहेर उभे केलेले नव्हते. आपल्या चालीरीतींपैकी ज्या तशा निरुपद्रवी आहेत त्या आपणही ठेवल्याच आहेत. हळद लागते, ओव्यांच्या चालीवर भीमाची गाणी म्हटली जातात, बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात. त्याबद्दल कोणी प्रतिज्ञाभंगाचा आरोप करीत नाही.

पण शेजाराची दुसरी बाजूही भिवंडीने पाहिली आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून येथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. शिवाजी महाराजांच्या नावाने निघालेल्या मिरवणुकीत महाराज किती आणि शेजाऱ्याला दाखवायचा दंड किती, हा प्रश्न तेव्हापासून या गावाच्या मनात आहे. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे गल्लीतल्या भांडणापासून मिरवणुकीपर्यंत सर्व गोष्टींवर एकत्र बसू लागली. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. यातून आपण शिकण्यासारखे एवढेच आहे, की सण पवित्र किंवा अपवित्र नसतो. तो कोणाच्या हाती आहे आणि कोणाकडे तोंड करून उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. मिरवणुकीपुढे नाचायला आणि नंतर पोलीसचौकीत बसायला आमच्या वस्तीतील बेकार पोरे लागतात. त्यांना टी-शर्ट फुकट मिळतो, वकील मिळत नाही.

५. चार कसोट्या

म्हणून सणांची बरी-वाईट अशी यादी करण्यापेक्षा प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारावेत असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

पहिला: यात मला काय मानावे लागते? पूजा, नवस, पुरोहित, श्राद्ध असेल तर आपण त्यात नाही. हे स्पष्ट आहे आणि ते शांतपणे सांगता येते.

दुसरा: यात मला कोठे उभे केले जाते? पंगतीत बसवतात की पंगत उठल्यावर बोलावतात? गावची जत्रा 'सर्वांची' असते तेव्हा पालखीला खांदा कोण देतो आणि पत्रावळी कोण उचलतो, हे पाहिले की पुरे.

तिसरा: मला नाही म्हणता येते काय? जेथे वर्गणी न दिल्यास पाणी तोडतात, बोलणे बंद करतात, तेथे सण उरलेला नसून वसुली चालू असते. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक वस्तीला माहीत असले पाहिजे.

चौथा: हा सण कोणाविरुद्ध आहे? एखाद्या शेजाऱ्याला भिववण्यासाठी तो असेल तर त्याचे नाव काहीही असो, तो आपला नाही.

या कसोट्या लावून पाहू. दिवाळीचा फराळ शेजारीण प्रेमाने पाठवते. तो खावा, आणि ताटात आपले काही घालून परत करावे. ईदचा शिरखुर्मा तसाच. पणतीवर कोणा देवाचा मालकी हक्क नाही; आपण बुद्धपौर्णिमेला ती लावतोच. लक्ष्मीपूजन मात्र पहिल्या कसोटीवर अडते. गणपतीच्या वर्गणीला हात जोडून नाही म्हणावे. चाळीच्या टाकीसाठी वर्गणी निघेल तेव्हा दोन रुपये जास्त द्यावेत. कारखान्यात दसऱ्याला मागाची पूजा होते. ज्याने वर्षभर त्या मागाला तेल घातले त्या कामगाराला आरतीला उभे न राहण्याचा अधिकार असावा. आणि दिवाळीचा बोनस? तो प्रसाद नव्हे. तो वर्षभराच्या मजुरीतील थकलेला वाटा आहे. 'तुम्ही दिवाळी मानत नाही, मग बोनस कसला?' असे विचारणारे मालक भेटतात. त्यांना सांगावे की पगारालाही आम्ही देव मानत नाही, तरी तो घेतो. होळीत स्त्रीच्या नावाने बोंब मारून लाकडे जाळणे आपल्याला जमणार नाही. बतुकम्माच्या फेरात बोलावले तर फुले घेऊन जावे. फेर धरावा की नाही हे त्या मुलीने स्वतः ठरवावे.

६. बाईचा प्रश्न

हा शेवटचा मुद्दा आपल्या सभांमधून क्वचितच बोलला जातो. सणांना नकार देण्याचा ठराव पुरुष करतात, आणि त्याची अंमलबजावणी बाईच्या स्वयंपाकघरात होते. सण म्हणजे तिच्या अंगावरची कष्टाची रास. पण सण म्हणजे तिचे माहेरही. भाऊबीजेला बहीण माहेरी येते तो तिच्या वर्षातील एकच हक्काचा दिवस असतो. भाऊबीज हिंदूंची म्हणून ती बंद करणाऱ्या भावाने दुसऱ्या कोणत्या दिवशी बहिणीला आणले? बहुतेकांनी आणले नाही. अशा घरात सण गेला तो बाईचा गेला, पुरुषाचे काही गेले नाही. शाळांना सुटी असते म्हणून दिवाळीतच बहीण चार दिवस आली, तर तिला ओवाळणीच्या तबकावरून जाब विचारण्याआधी तिला यायला दुसरे निमित्त आपण निर्माण केले आहे का, हे पाहावे.

वस्तीतील एखादी म्हातारी अजूनही मरीआईच्या दगडाला कुंकू लावते. तिला हिणवून तिचा दगड हलत नाही. तिच्या नातवाला ताप आला तर रात्री दवाखान्यात नेणारे कोणी असेल, तर दगडाची गरज आपोआप कमी होते. ज्या वाडीने टाक सोडले तिच्या मागे चळवळ उभी होती, माणसे होती. नकाराला माणसांचा आधार लागतो.

७. आपले सण

नकारानंतर जागा रिकामी राहत नाही. जगात इतरत्रही हे झाले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १९६६ साली क्वान्झा हा सण नव्याने निर्माण केला. १९ जून १८६५ रोजी टेक्ससमध्ये गुलामांना मुक्तीची बातमी कळली, तो दिवस ते पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. २०२१ मध्ये तो तेथे राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. आपल्याकडेही १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, २० मार्चचा महाड, २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, ६ डिसेंबर, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव असे पंचांग तयार झाले आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचला जातो. दिवसभर मागावर उभी राहिलेली माणसे रात्री मांडी घालून तत्त्वज्ञान ऐकतात, असा सण दुसऱ्या कोणाकडे फारसा नसेल. मृताच्या स्मरणासाठी पिंडाऐवजी पुण्यानुमोदन आले. त्यात पूर्वजांची आठवण आहे, कावळ्याची वाट पाहणे नाही.

पण त्या चार कसोट्या आपल्या सणांनाही लावल्या पाहिजेत. जयंतीची वर्गणी सक्तीची होते तेव्हा तिसरी कसोटी आपल्याला लागू होते. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे पोरे नाचतात आणि बाया गॅलरीतून पाहतात, तेव्हा दुसरी लागू होते. बुद्धापुढे नवस बोलला जातो तेव्हा पहिली. आपल्या मिरवणुकीने मशिदीजवळ आवाज वाढवला तर चौथी. शेजाऱ्याला ज्या मापाने मोजतो त्याच मापाने स्वतःला मोजल्याशिवाय समतेचा धर्म सांगता येणार नाही.

८. कागदावरचा पूर्वज

आपण पूर्वजांपासून कितीही दूर गेलो तरी सरकारी कचेरी आपल्याला त्यांच्याकडे परत नेते. धर्मांतरानंतर महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने त्यांना अनुसूचित जातीत धरले ते १९९० साली. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे बौद्ध म्हणून जन्मलेल्या मुलीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलेले आहे हे शोधून आणावे लागते. ज्यांचे पणजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी कोतवाल बुकातील नोंद शोधायची. लग्नाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. देशातील बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक. तरी कागदोपत्री त्यांच्यातील बहुतेकांना आपली जात सिद्ध करीतच पुढे जावे लागते.

विद्यार्थी विचारतात, 'जात टाकली तर दाखला कसा घ्यायचा?' मी सांगतो, दाखला हा श्रद्धेचा कागद नाही, तो झालेल्या अन्यायाची पावती आहे. पावती जपून ठेवतात. तिची पूजा करीत नाहीत. पूर्वजांशी आपले नाते हे असे आहे. त्यांनी काय सोसले याची नोंद ठेवायची. त्यांनी काय मानले यातील माणूस म्हणून जे उपयोगी आहे ते ठेवायचे. आणि ज्या जागेवर त्यांना उभे केले गेले त्या जागेवर पुन्हा, सणाच्या निमित्तानेही, उभे राहायचे नाही.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले ते एवढेच: आजीची आजी करत होती ते तू करू शकतेस की नाही, हे तिला ते करणे भाग होते की नाही यावरून ठरव. जे तिने आनंदाने केले ते तुझेच आहे. जे तिच्याकडून करवून घेतले गेले ते सोडून देणे हाच तिचा मान आहे.